पिवळ्या मास्तरचं झाड

सोमवारी सकाळी सात वाजता मी लातूरच्या एका क्लासमध्ये फळ्यासमोर उभा राहतो आणि दीडशे पोरापोरींना सांगतो की गेम ही वाळवी आहे, माणसाला आतून पोखरते. हे सांगताना माझं उजवं मनगट ठणकत असतं, कारण आदल्या दिवशी दुपारी दीड ते साडेपाच मी माऊस धरून एक साम्राज्य उभं केलेलं असतं. पोरं मान डोलावतात. क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो आहे, हाताची घडी घातलेला, खाली ‘भौतिकशास्त्र’ लिहिलेला. हाताची घडी घातलेला माणूस खोटं बोलत नाही असा लातुरात समज आहे, आणि आमचं सगळं त्याच समजावर चाललंय.

गेम जुना आहे, वीस-पंचवीस वर्षांचा. आता नवे निघतात त्यात म्हणे घोड्याच्या आयाळीचा केस न् केस दिसतो. आमच्या गेममधला घोडा म्हणजे चार पाय फुटलेली काडेपेटी. सुरुवातीला तुम्हाला एक गढी मिळते, तीन माणसं मिळतात आणि बाकी सगळीकडं काळोख. त्या माणसांनी लाकडं तोडायची, मेंढरं हाकून आणायची, शेतं पेरायची, घरं बांधायची, मग भिंत, मग किल्ला, मग फौज. एवढी मरमर करून शेवटी काय, तर शेजाऱ्याच्या गावाला आग लावायची. बुद्धिबळासारखी आळीपाळी यात नाही. तुम्ही डोकं खाजवत बसलात तरी समोरचा लाकडं तोडतच असतो.

अजून हाच गेम का, असं बायको विचारते. उत्तर सोपं आहे. मराठवाड्यात जे जे होत नाही ते ते सगळं या गेममध्ये होतं. शेत संपलं की थोडं लाकूड द्यायचं, ते परत पिकतं. पंचनामा नाही की तलाठ्याची वाट बघणं नाही. घर बांध म्हटलं की मिनिटभरात घर उभं, कुठल्या यादीत नाव आलंय का ते बघायला तालुक्याला जावं लागत नाही. काळोखाच्या युगातून पुढच्या युगात जायला तर चक्क एक बटण आहे. आमच्याकडं लोडशेडिंगच्या कृपेनं उलट्या दिशेनंही जाता येतं, फक्त ते बटण आपल्या हातात नसतं. शिवाय गेममध्ये एक साधू असतो. तो हात वर करून काहीतरी पुटपुटतो आणि समोरचा सैनिक बघता बघता रंग बदलून आपल्या बाजूला येतो. ज्यानं नगरपालिकेची एक निवडणूक जवळून पाहिलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हा गेम मी शिकलो नांदेडला, बी.एस्सी.ला असताना. जुन्या शहरात माझ्या मित्राच्या घरचं शिलाईचं दुकान होतं, तीन पिढ्यांचं. रेडिमेडचा जमाना आला तेव्हा त्याच्या अब्बांनी दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात चार कॉम्प्युटर टाकून दिले. मागं शिलाई मशीनची खडखड, पुढं तलवारींची. मित्र गळ्यात टेप अडकवून खेळायचा, मधेच उठून कुणाच्या तरी शेरवानीचं माप घ्यायचा आणि परत येऊन माझ्या गावाला आग लावायचा.

गेममधल्या राबणाऱ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण आम्ही त्याला सालगडी म्हणायचो. पाडव्याला ठरवलेला, वर्षभर रानात राबणारा माणूस तो सालगडी, मग लाकडं तोडणाऱ्या या मुंगीएवढ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? ‘आधी सालगडी वाढव, फौज मागून,’ हे त्या गल्लीतलं ब्रह्मवाक्य होतं. रिकामा बसलेला सालगडी हुडकून दाखवणारंही एक बटण गेममध्ये आहे. माझे वडील एकदा चाकूरहून मला भेटायला आले होते, दुकानात उभं राहून त्यांनी ते बटण दोन-तीनदा दाबून घेतलं आणि म्हणाले, “हे रानात बसवता येतं का बघ बरं.”

धाकटा भाऊ अकरावीला नांदेडला आला तेव्हा आम्ही एकाच खोलीवर राहायचो. तो माझ्या शेजारी स्टुलावर बसून बघायचा. मी त्याला माऊस कधी दिला नाही. ‘तुला जमायचं नाही, वेळ जातो उगं,’ असं म्हणायचो. मला तेव्हापासून शिकवायची सवय आहे, दुसऱ्याला करू द्यायची नाही.

पुढं मी लातूरला सर झालो, आणि वडील थकले तसा भाऊ रानात परतला. वडील गेले, वाटणी झाली. सरकारी मोजणी होऊन खुणा रोवल्या गेल्या आणि भावाच्या आखाड्यापुढचा लिंब, म्हणजे कडुलिंब, दोन हातांनी माझ्या बाजूला निघाला. आखाडा म्हणजे आमच्याकडं रानातला गोठा, तिथंच बसायउठायची जागा. त्या लिंबाखाली वडील जेवायचे, तिथंच बैल बांधायचे. त्यांचा एक नियम होता. दारातल्या झाडाला कुऱ्हाड लावायची न्हाई. रानाची वाटणी होते, सावलीची होत न्हाई.

पण मी पडलो भौतिकशास्त्राचा माणूस. त्या झाडामुळं माझ्या हद्दीतलं सोयाबीन रोज चार तास सावलीत राहत होतं, वाढ खुंटत होती. माझी हद्द, माझा हक्क, माझं झाड. माझा हिस्सा मी बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलाय, त्या माणसाला लातूरहून फोन केला आणि लिंब आडवा करून घेतला. मी स्वतः गेलोसुद्धा नाही, त्या दिवशी टेस्ट सिरीज होती. भावानं शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आला असता, तर मी तोंडानं त्याला पुरून उरलो असतो. तो एक शब्द बोलला नाही. ते जे बोलणं थांबलं ते सहा वर्षं झाली. आईच्या वर्षश्राद्धाला त्यानं माझ्या पानात भाजी वाढली आणि पुढं सरकला, जसं काही मी भावकीतला नाही, वाट चुकून पंगतीत बसलेला पाहुणा आहे.

मी मात्र चार लोकांत सांगत फिरलो की मी मोठा असून कमीपणा घ्यायला तयार आहे, तोच अडून बसलाय. कमीपणा घ्यायला तयार असणं आणि घेणं यात चाकूर ते लातूर एवढं अंतर असतं, आणि एसटीनं ते तासाभराचंही नाही. खरं सांगायचं तर फोन वाजला की मी अजूनही आधी नाव बघायचो, त्याचं आहे का. नसायचं. मग मी ज्याचं असेल त्याच्यावर चिडायचो.

मित्राच्या दुकानात आता शिलाई मशीनही नाही आणि तलवारीही नाहीत. तो झेरॉक्स काढतो, पीकविम्याचे फॉर्म भरतो, सातबारा काढून देतो. गेम मात्र त्यानं जिवापाड जपला. जुन्या मशीनवर ठेवला, मला लातूरला टाकून दिला, आणि नेटवरचं कुठलं तरी फुकटचं सॉफ्टवेअर लावून दोन गावांतले दोन कॉम्प्युटर असे जोडले की जणू मधे शिलाईचं दुकानच आहे. दर रविवारी दुपारी मी निळा, तो हिरवा, आणि समोर कॉम्प्युटरनं चालवलेले शत्रू.

दीड वर्षापूर्वी एका रविवारी त्याचा फोन आला. “सर, तिसरा गडी मिळून राहिला. घेऊ का?”

तो मला सर म्हणतो तेव्हा त्यात आदर नसतो.

“कोण आहे?”

“हिमायतनगरचा मास्तर हाय एक. बोलत न्हाई जास्त. खेळतो बरा.”

मास्तर आणि बोलत नाही, हे ऐकूनच मला शंका यायला हवी होती. पण तीन शत्रूंशी दोघं लढून आमचा जीव मेटाकुटीला आला होता, म्हणून म्हटलं, घे. मास्तरला पिवळा रंग मिळाला आणि माझ्या शेजारची जागा मिळाली.

पहिल्या दिवसापासून त्या पिवळ्यानं माझं डोकं उठवलं. एक तर तो मुका. आम्ही कानाला हेडफोन लावून गप्पा मारत खेळतो, याच्याकडं म्हणे माईकच नाही. बरं, लिहायची सोय आहे, तर अक्षरही लिहायचा नाही. दुसरं म्हणजे माझ्या गावावर हल्ला झाला की याचे घोडेस्वार बोलावलं नसताना हजर. मी जोरात म्हणायचो, “मला जमत नाही असं वाटतं का याला? आगाऊ कुठला.” तिसरं म्हणजे तो बांध कोरायचा. ज्याला शेती माहीत आहे त्याला हा रोग माहीत आहे. दरसाल नांगरताना शेजाऱ्याचा बांध एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घ्यायचा, की दहा वर्षांत तास-तास करून शेजाऱ्याचं रान आपलं. पिवळ्याची शेतं नेहमी माझ्या भिंतीला येऊन भिडलेली. मी मित्राला म्हणायचो, “तुझा मास्तर जातीचा बांधकोऱ्या आहे, लिहून घे.”

“भिंत कुणाची पुढं गेली ते बघितलं का सर?” मित्र म्हणायचा.

“मी मोजून बांधतो,” मी म्हणायचो.

पण या सगळ्यावर ताण म्हणजे त्याचं झाड. गेममध्ये प्रत्येकाच्या गढीपाशी दोन-चार झाडं असतात. शहाणा माणूस ती सगळ्यात आधी तोडतो, कारण लाकूड दारात आहे, नेआण नाही. पिवळा ती झाडं तोडायचाच नाही. सालगडी पार जंगलात पाठवायचा, तिथून ते लाकडं वाहत बसायचे, आणि दारातली झाडं तशीच उभी. दर वेळी. दरेक नकाशावर. मी पोरांना शिकवतो, मला चुकीचं गणित बघवत नाही. “अरे, सांग त्याला. कोसभर लांब पाठवतो सालगड्यांना. हा वर्गात काय शिकवत असेल?”

“त्याचं झाड हाय, त्याला बघू दे.” एवढं बोलून मित्र गप्प व्हायचा. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप नसतं.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात केव्हाच आलं असेल. माझ्या आलं नाही. दीडशे पोरांना रोज निरीक्षणाचं महत्त्व सांगणारा माणूस मी.

तीन रविवारांपूर्वीची गोष्ट. पिवळ्याच्या उजव्या अंगाला शत्रूची मोठी फौज चालून आली होती. त्याला लाकूड कमी पडत होतं, हे दिसत होतं. आणि गढीपुढं ते झाड, ठणठणीत. माझं डोकं फिरलं. म्हटलं, याला शिकवून चालायचं नाही, करूनच दाखवावं लागेल. या गेममध्ये कुणाचाही सालगडी कुठलंही झाड तोडू शकतो. मी माझे पाच सालगडी निवडले आणि पिवळ्याच्या दारातल्या झाडावर पाठवून दिले.

“काय करून राहिला, सर?” मित्राचा आवाज एकदम बदलला.

“उपकार,” मी म्हटलं.

माझे पाच जण कुऱ्हाडी घेऊन निघाले, तेवढ्यात पिवळ्याकडं वेगळंच सुरू झालं. लढाईच्या तोंडावर भिंत बांधत असलेले त्याचे सगळे सालगडी हातचं काम टाकून गढीकडं पळत सुटले. तिकडं शत्रू आत घुसला, घरं पेटली. त्यानं तिकडं बघितलंही नाही. होतं नव्हतं तेवढं लाकूड खर्चून त्यानं त्या एका झाडाभोवती कुंपण घातलं, चारी बाजूंनी, खांबाला खांब लावून. माझे पाच जण तिथं पोचले तेव्हा कुंपण बंद झालं होतं. ते बाहेर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले. त्यांच्यामागं पिवळ्याचं गाव जळत होतं.

मी माऊसवरचा हात काढला. कॉम्प्युटर बंद केला आणि मित्राला फोन लावला.

“मास्तर कुठला आहे?”

“हिमायतनगरचा.”

“खरं सांग.”

त्यानं झेरॉक्स मशीन बंद केलं. मग म्हणाला, “चाकूरचा.”

“त्याला माहिती होतं? निळा मी आहे म्हणून?”

“पहिल्याच दिवशी विचारलं त्यानं, निळा कोण हाय. मी म्हणलं, तुझा भाऊ. मग म्हणला, खेळतो, पण मला बोलायला लावू नको.”

“दीड वर्ष?”

“दीड वर्ष. एक रविवार चुकवला न्हाई त्यानं, काढणीतबी न्हाई. माझा एक जुना कॉम्प्युटर उचलून आखाड्यावर नेऊन ठेवलाय. तू कॉलेजात असायचास ना, तवा मी शिकवला त्याला. तू तर माऊसला हात लावू देत नव्हतास.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?”

“सांगितलं असतं तर तू परत हक्क काढला असता, सर.” यावेळच्या ‘सर’मध्ये चेष्टा नव्हती. “तुझ्या गावावर हल्ला झाला की पहिल्यांदा घोडे कुणाचे येतात, ते तर बघितलं असशील.”

मी फोन ठेवला. बायकोनं विचारलं, कुणाचा फोन. मी म्हटलं, कुणाचा नाही. मग मला रडू आलं आणि बायकोला वाटलं मी गेममध्ये हरलो. तिनं चहा टाकला.

पुढचा रविवार मी टाळला, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी बसलो. गेम सुरू झाला. माझ्या गढीपुढं दोन झाडं होती. वीस वर्षांची सवय, माझे सालगडी कुऱ्हाडी उचलून झाडाशी पोचलेही होते. मी त्यांना मागं फिरवलं आणि जंगलात पाठवलं. मित्र हेडफोनमध्ये खाकरला.

सांगतो, त्या पद्धतीनं खेळलं की माणसाचं वाटोळं होतं. लाकूड येईना, शेतं पेरायला उशीर, घरं उशिरा, फौज तर नावाला. शत्रू आला तेव्हा माझ्याकडं अकरा भालेकरी होते आणि दोन डौलदार झाडं. सगळ्यात आधी पिवळे घोडे आले. बोलावलं नव्हतं.

ते घोडे माझ्या भिंतीपाशी लढत होते तेव्हाच पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पिवळी अक्षरं उमटली. त्या जुन्या गेमला देवनागरी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत, मोडकंतोडकं:

“दादा, आज झाड तोडलं न्हाईस.”

सहा वर्षांनी ‘दादा’. मी क्लासमध्ये सलग तीन तास बोलू शकतो, घसा न दुखता. तिथं एकच ओळ लिहायची होती. लिहिलं, खोडलं. सावलीचं काहीतरी लिहायला गेलो, तेही खोडलं. शेवटी एकच शब्द पाठवला: “चुकलो.”

लढाई चालू होती. या गेममध्ये कुणी कुणासाठी थांबत नाही. मग परत पिवळी अक्षरं:

“तुझी भिंत माझ्या रानात चार घरं आत आलीय. आधी ती मागं घे.”

लगेच खाली हिरव्यानं लिहिलं: “हाव. मीबी दीड वर्ष बघून राहिलो.”

मी नकाशा नीट बघितला. होती. माझी भिंत चार चौकोन त्याच्या बाजूला गेलेली, सरळ, दगडी, मोजून बांधलेली. दीड वर्ष मी ज्याला बांधकोऱ्या म्हणत होतो त्याच्या रानात उभं राहून म्हणत होतो. आपला तो बाब्या, म्हणतात ना, तसं. मी भिंतीचा एकेक तुकडा धरला आणि पाडत गेलो. पाडलेल्या भिंतीचा दगड त्या गेममध्ये परत मिळत नाही. शेवटचा तुकडा पडला आणि त्याच फटीतून शत्रूची फौज आत आली. दहा मिनिटांत आम्ही तिघंही भुईसपाट झालो, इतकं वाईट आम्ही कधी हरलो नव्हतो.

हरल्यावरही लिहिता येतं. मी पुढं काय लिहावं याचा विचार करत बसलो होतो. म्हटलं, येऊ का तिकडं, असं विचारावं, मग वाटलं, मोठ्या भावानं विचारावं का, मग माझाच मला राग आला आणि लिहिलं, “येऊ का रविवारी?”

उत्तर यायला उशीर लागला. तो एका बोटानं लिहितो, हे मला मित्रानं नंतर सांगितलं.

“ये. टोपी आण. आखाड्यावर सावली न्हाई.”